जुनी पदवी माळ्यावर टाकू नका

बी.फार्म. झालेल्या मुलीने एआय शिकावं का? शिकावं. बी.कॉम. झालेल्याने? त्यानेही. तीन वर्षं कोर्टात उभं राहून आलेल्या वकिलाने, इतिहासात एम.ए. केलेल्याने, परिचारिकेने? सगळ्यांनी शिकावं. माझं भांडण शिकण्याशी नाही. आधी शिकलेलं टाकून देण्याशी आहे.

सध्या पुण्या-मुंबईत परदेशी प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जाऊन बसा. समोरच्या पोराची पदवी कुठलीही असो, उत्तर ठरलेलं: युकेला जा, एका वर्षाचं कन्व्हर्जन मास्टर्स करा, एआय आणि डेटा सायन्समध्ये शिरा. मागचं विसरा. हे ‘मागचं विसरा’ फुकट दिलं जातं, आणि तोच या व्यवहारातला सगळ्यात महाग सल्ला आहे.

ही पदवी निघाली कशासाठी, ते आधी पाहू. 2017 मध्ये वेंडी हॉल आणि जेरोम पेसेंटी यांनी ब्रिटिश सरकारसाठी एआय उद्योगावर अहवाल लिहिला. माणसं कमी पडताहेत, म्हणून इतर विषयांच्या पदवीधरांसाठी एक वर्षाच्या पदव्यांचा विचार विद्यापीठांनी करावा, अशी सूचना त्यात होती. 2020 पासून सरकारी पैशाने असे अभ्यासक्रम सुरू झाले. पहिल्या टप्प्यात अडीच हजार जागा आणि दहा-दहा हजार पौंडांच्या एक हजार शिष्यवृत्त्या ठरल्या. शिष्यवृत्त्यांत भर होता स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि अपंग विद्यार्थ्यांवर, म्हणजे या क्षेत्राच्या दाराबाहेर राहिलेल्यांवर. कल्पना उत्तम आहे. यंत्र कोण घडवतं यावर त्याला कोण दिसतं आणि कोण दिसत नाही हे ठरतं, एवढी समज त्यामागे होती. वेगळ्या विषयाची माणसं हवी होती ती त्यांच्या वेगळ्या विषयासकट.

विषयासकट का? एक उदाहरण सांगतो. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावं.

1990 च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांचा डेटा घेऊन एक प्रयोग झाला. कुणाला दवाखान्यात ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवायला यंत्राची मदत होईल का, हे पाहायचं होतं. रिच कारुआना या संशोधकाचं न्यूरल नेटवर्क सगळ्यात अचूक ठरलं. त्याच डेटावर नियम शोधणारी दुसरी एक पद्धतही चालवली होती. तिने एक विलक्षण नियम काढला: ज्याला दमा आहे, त्याला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. आकडे खोटे नव्हते. दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत हलवत, तिथे त्याच्यावर बारीक लक्ष असे, म्हणून तो वाचे. यंत्राला वाचलेला रुग्ण दिसला, त्याला वाचवणारे हात दिसले नाहीत. हा नियम वापरला असता, तर दमेकऱ्याला ‘धोका कमी’ म्हणून घरी पाठवलं गेलं असतं. त्याच डेटावर शिकलेल्या न्यूरल नेटवर्कच्या पोटात असे आणखी किती नियम दडलेत हे बघता येत नव्हतं. म्हणून सगळ्यात अचूक असूनही ते रुग्णांवर वापरायचं नाही, असं ठरलं.

आता सांगा, हा नियम वाचून पहिला कोण थबकेल? वॉर्डात एक रात्र काढलेली कुठलीही परिचारिका. तिला पायथॉन येत नसेल. पण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की काय धावपळ होते, हे तिला माहीत असतं. ती मास्टर्सला आली आणि पहिल्याच दिवशी ‘मी नर्सिंगमधून आले’ हे लपवायला शिकली, तर तिचंही नुकसान आणि त्या वर्गाचंही.

या क्षेत्रातली मोठी माणसं बघा. जेफ्री हिंटन यांची केंब्रिजची पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची. एआयमधली पीएच.डी. त्यांनी नंतर, 1978 मध्ये एडिनबरातून घेतली. मेंदू कसा शिकतो हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि 2024 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डेमिस हसाबिस शिकले संगणकशास्त्र, मग लंडनला जाऊन पीएच.डी. केली मेंदूविज्ञानात. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना आणि जॉन जंपर यांना वाटा मिळाला. हे जंपर पीएच.डी.ला रसायनशास्त्रात होते. विषयांच्या सीमा ओलांडताना यांच्यापैकी कुणी आपली शिदोरी फेकून दिलेली नाही.

आपल्याकडे तर अशा शिदोऱ्या ठायी ठायी आहेत. नाशिकच्या द्राक्षबागेत डाऊनी रोगाचा डाग फोटोवरून ओळखणारं ॲप कुणीही संगणकवाला बनवेल. पण छाटणीला किती दिवस झाले, हा रकाना त्या डेटात हवाच, हे कृषी पदवीधराला सांगावं लागत नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या आजीचं बोलणं यंत्राला कळत नसेल, तर ते कुठे अडतंय हे मराठीचा, भाषाविज्ञानाचा विद्यार्थी ऐकता ऐकता सांगेल. एआयला मराठी नीट यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी मराठीच्या विद्यार्थ्यांना ‘तुमच्या विषयाला स्कोप नाही’ म्हणणं आजपासून थांबवावं.

आता कडू भाग. तोही स्पष्ट सांगायला हवा.

गणित. ब्रिटनमधलं मास्टर्स 180 क्रेडिटचं, एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास. हिशेब 1,800 तासांचा होतो, आणि सगळं बारा महिन्यांत. त्यात बहुधा 60 क्रेडिट शेवटच्या प्रबंधाची. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच अंगावर येतं. दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्या मुलाला ‘गणित लागत नाही, टूल्स असतात’ असं सांगून पाठवणं हा अन्याय आहे. एनपीटेलवर रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र फुकट शिकता येतं. जायच्या आधी सहा महिने ते करा. नाही झेपलं, तर ते इथे, घरच्या जेवणावर कळलेलं बरं.

पैसा. सरकारी शिष्यवृत्तीचे आकडे माहितीपत्रकात झळकतात, पण ती आखली होती ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांसाठी. आपल्या मुलांनी परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरायची, वर वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार. शिक्षण चालू असताना काम आठवड्याला फार तर 20 तास. पदवीनंतर राहायला मिळणारी दोन वर्षंही आता आक्रसली: 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. पुढे कुशल कामगाराचा व्हिसा हवा तर पगाराची सर्वसाधारण अट 41,700 पौंड, नवोदितांना सवलतीने 33,400. घर तारण ठेवणाऱ्या आईवडिलांना हे आकडे मराठीत, कागदावर, सही करण्याआधी मिळायला हवेत. ते न देणाऱ्या सल्लागाराकडून उठून यावं.

आणि नोकरीच्या बाजारात उभं राहताना एक ध्यानात ठेवा. चार वर्षं संगणक अभियांत्रिकी केलेल्याशी नुसत्या कोडच्या कुस्तीत तुम्ही एका वर्षाच्या तालमीवर जिंकणार नाही. तिथे उतरूच नका. औषधांचे दुष्परिणाम, करारातली कलमं, ताळेबंदातली लबाडी, पिकावरचा रोग: तुम्हाला जे आधीपासून वाचता येतं, तिथे त्या अभियंत्याला तुमची गरज आहे. म्हणून प्रबंधाचा विषय गाइडने पुढे केलेल्या तयार यादीतून उचलू नका. इंटरनेटवर हजारोंनी वापरलेला तोच तो डेटा घेऊन हजारांतले आणखी एक होऊ नका. आपल्या जुन्या विषयातला प्रश्न घेऊन जा आणि त्यासाठी हट्ट धरा.

या सप्टेंबरला जाणाऱ्या आणि पुढच्या वर्षीचा अर्ज भरणाऱ्या सगळ्यांना माझं एकच मागणं आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक कोरं पान घ्या. तुमच्या पहिल्या विषयातला कुठला प्रश्न डेटा हाताशी आल्यावर तुम्ही सोडवाल, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. सल्लागाराला विचारू नका, चॅटजीपीटीलाही नको. पान भरलं तर खुशाल जा, तुमची गरज आहे. पान कोरं राहिलं, तर या वर्षी फी भरू नका.