देऱ्यातले मनमाडकर

जंक्शनच्या गावात राहून मनमाडकराला एक खोड जडलेली असते. लॉज म्हटलं की तो एवढंच विचारतो, ‘स्टेशनपासून पायी किती?’ पंचवटीने मुंबई आणि तिथून दुबई गाठली तरी प्रश्न तोच. म्हणून बुर्ज खलिफाजवळची हॉटेलं नाकारून तो दुबईतल्याच देरा भागात उतरतो. सोन्याचा बाजार गोल्ड सूक हाकेच्या अंतरावर, मेट्रो शेजारी, दुकानदार हिंदीत भाव करणारा. मग परदेश नेमका कुठे सुरू होतो, हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

घासाघीस करून उतरवलेल्या भाड्यावर काउंटरवर ‘टुरिझम दिरहम’ चढतो. २०१४ पासून हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिरहम. पण बाथरूमचा नळ सोडला की राग विरतो. वागदर्डी धरण आटलं की पंधरा-पंधरा दिवस कोरड्या नळाकडे बघत आलेल्याला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या वाळवंटात चोवीस तास धार मिळते.

सोबतच्या काकू तिथेही बादली भरून ठेवतात.

खरेदीत बदाम, केशर, अत्तर आणि ‘स्वस्त पडला’ म्हणून बासमती. पिशवीवर बारीक अक्षरात ‘भारतीय उत्पादन’. शेवटी बांगड्या. हातात घातल्या की जकात नाही, असा गल्लीतला ठाम समज. दागिन्यांची सवलत मात्र वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांनाच मिळते. पाच दिवसांच्या सहलीला ती लागू नाही, हे मनमाडकर काकांना मुंबई विमानतळावर लाल आणि हिरव्या मार्गिकेच्या मधोमध ट्रॉली थांबवून कळतं. काकू तोवर हिरवीत शिरलेल्या असतात.