राजेशाही पैसा वसूल

दादासाहेब महागड्या हॉटेलात एकटे जात नाहीत आणि नुसते जोडीनेही जात नाहीत. सोबत एक साक्षीदार नेतात. साक्षीदाराच्या पानाचे पैसे तेच भरतात. त्या बदल्यात साक्षीदाराने पुढे वर्षभर, जिथे म्हणून त्या जेवणाची गोष्ट निघेल तिथे, "हो, मी होतो ना" एवढंच म्हणायचं.

दादासाहेब हे कुणा एकट्याचं नाव समजू नका. बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातले वाडे सोडून वासणा-भायलीच्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या मराठी मंडळींत असे गृहस्थ बरेच भेटतात. बँकेतून नाहीतर विद्यापीठातून निवृत्त, मिशी राखलेली, मुलगा कॅनडात. दर्शनी भिंतीवर सयाजीराव महाराजांची तसबीर. बोलणं मराठीच, पण भाजीला शाक म्हणणार आणि भाव करायची वेळ आली की नकळत गुजरातीत शिरणार.

यातल्या प्रत्येकाचं राजवाड्याशी काहीतरी नातं असतंच. आमच्या दादासाहेबांचे आजोबा खासगीच्या कोठारात कारकून होते. आजोबा लक्ष्मीविलास राजवाड्यात कधी जेवले का, याबद्दल घरात दोन मतं आहेत. तिथे तूप किती उठलं ते त्यांनी वहीत मांडलं, याबद्दल मात्र दुमत नाही. दादासाहेबांच्या स्वभावाची मेख इथेच आहे. पंगत त्यांना राजाची हवी आणि वही कारकुनाची.

गेल्या लग्नाच्या वाढदिवसाला साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. अलकापुरीकडचं एक हॉटेल, सात कोर्सचा टेस्टिंग मेन्यू, माणशी साडेचार हजार, कर वेगळा. दादासाहेब बंद गळ्याच्या कोटात, वहिनी चंदेरीत. माझ्या शर्टाकडे दादासाहेबांनी एकदा पाहिलं आणि साक्षीदाराला तेवढं चालतं असं ठरवलेलं दिसलं.

बसल्या बसल्या वेटरने विचारलं, "सर, पानी स्टिल या स्पार्कलिंग?"

"आजव्याचं," दादासाहेब म्हणाले.

पोरगा उत्तराखंडातला. दादासाहेबांनी त्याला समजावून सांगितलं, की आजव्याचं सरोवर महाराजांनी बांधलं, त्याचं पाणी हे शहर अजून पितंय, आणि ज्या गावाला राजाने पाणी पाजलं त्या गावात पाण्याची बाटली विकत घेणं हा राजाचा अपमान आहे. पोराने जग आणून ठेवला. माणशी तीनशे वाचल्याची नोंद दादासाहेबांच्या चेहऱ्यावर उमटली.

मग पहिला कोर्स आला. माझ्या शाळेतल्या पाटीएवढा काळा दगड, त्याच्या मधोमध खांडवीची एक सुरळी. सुरळीवर मोहरीचा एकच दाणा, तोही चिमट्याने ठेवलेला. शेजारी ताकाचा फेस. वेटरने हात मागे बांधून माहिती सांगितली: बेसन कुठलं, ताक किती तास लटकवलं, दाणा एकच का. वहिनींनी तोवर सुरळी संपवली होती. दादासाहेबांनी मात्र खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "फिर से बताइए. धीरे धीरे." वेटरने सगळं पुन्हा सांगितलं. माहितीचेही पैसे लावलेले आहेत, ती एकदाच का घ्यायची, हा त्यामागचा विचार.

परदेशात अशा जेवणात दर पदार्थाबरोबर वेगळी वाइन देतात. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, तेव्हा आमच्या सात पदार्थांबरोबर सात सरबतं आली. कोकम, जलजिरा, बडीशेप, पुढची मला ओळखता आली नाहीत. दादासाहेबांना त्याचं दुःख नव्हतं. "वाइन असती तर बिल डबल झालं असतं ने," ते माझ्या कानात म्हणाले. दारूबंदीची इतकी प्रामाणिक बाजू घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसऱ्या की चौथ्या कोर्सला काचेची घुमटी आली. वेटरने ती उचलली, धूर निघाला आणि धुराखाली दोन चमचे वांग्याचं भरीत दिसलं. वहिनी ठसकल्या. दादासाहेबांनी घुमटी पुन्हा झाकायला लावली, मला मोबाइल काढायला सांगितलं आणि परत उघडायला लावली. दुसऱ्यांदा धूर नीट निघाला नाही. वेटर आत जाऊन तो पुन्हा भरून आला.

मधल्या रिकाम्या वेळात मिशेलिनचा विषय निघाला. टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली, लोकांनी हिंडावं आणि टायर झिजवावेत म्हणून, आणि पुढे त्याच पुस्तकाने हॉटेलांना तारे वाटायला सुरुवात केली, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "मग आपल्याकडे काय कमी आहे? लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलला सिएटचा. टायरचे आपण राजे. तारे आपण द्यायचे की त्यांनी?" वेटरने "येस सर" म्हटलं. त्याला दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं.

शेवटी बासुंदीची एक गोळी आली, वर सोन्याचा वर्ख. आता दादासाहेबांनी वेटरला १८७४ सालात नेलं. मल्हारराव गायकवाड गादीवर. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर याच्या पपनशीच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली. आळ महाराजांवर आला. चौकशीला सहा जण बसले आणि त्यांच्यात तीन-तीन अशी फूट पडली. तरीही १८७५ मध्ये कारभार वाईट म्हणून मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मालेगावकडच्या कवळाण्यातून बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक आणला. तेच सयाजीराव. "तात्पर्य काय," दादासाहेब वर्खाकडे बोट दाखवत म्हणाले, "बडोद्याला तुमच्या सोन्याचं कौतुक नाही. इथे सरबतात हिरे पडलेत."

वेटर गोळीकडे बघत म्हणाला, "सर, हमारा वाला एडिबल है."

खरी परीक्षा बिलाची. साडेतेरा हजार जेवणाचे, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क, त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण सतरा हजार पाचशे तेवीस. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, तसं २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय, हे दादासाहेबांना कलमासकट ठाऊक होतं. पण साडेतेराशेसाठी वाद घातला तर आतला सरदार मरणार आणि नाही घातला तर आतला कारकून. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग वहिनींना म्हणाले, "अगं, तुला काहीतरी विचारायचं होतं ने यांना?"

वहिनींनी बिल घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वेटरकडे नुसतं पाहिलं. ओळ गेली. पंधरा हजार नऊशे तीस. दादासाहेब सगळा वेळ छतावरच्या झुंबराचं निरीक्षण करत होते. निघताना त्यांनी वेटरच्या हातात पाचशेची नोट ठेवली, दरबारी थाटात. कारकुनाने वाचवलं, सरदाराने उधळलं आणि तरीही एक हजार त्र्याण्णव शिल्लक राहिले.

परतताना माझ्या पोटात कावळे ओरडत होते. रस्त्यात सेव-उसळीची गाडी लागली, तर्रीचा वास थेट मोटारीत शिरला. दादासाहेबांनी काच वर घेतली. एवढे पैसे मोजल्यावर पोट भरलेलंच आहे, आणि आता काही खाल्लं तर ते जेवणाच्या खर्चात धरावं लागेल, असा त्यांचा पक्का हिशेब. वहिनी मात्र अगदी निवांत. मी हळूच विचारलं तर म्हणाल्या, "मी साडेसातलाच पिठलं-भाकरी खाऊन निघाले होते."

मग वसुली सुरू झाली. सकाळी कमाटीबागेत, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर, लग्नांत, मुंजींत, अगदी बाराव्यालाही. कथा तीच असते, आकडे मात्र श्रोता पाहून बदलतात. समोरच्या पटेलकाकांनी "केटला थया?" म्हटलं की दादासाहेब माणशी साडेतीन हजार सांगतात, सेवा शुल्क कापून घेतल्याचा प्रसंग रंगवतात आणि तो पराक्रम स्वतःच्या नावावर लावतात. पुण्याचे मेहुणे आले की तेच जेवण माणशी आठ हजाराचं होतं आणि सेवा शुल्काचा उल्लेखही येत नाही. गुजराती शेजाऱ्याला स्वस्तात पडलं म्हणून दाखवायचं, पुणेरी मेहुण्याला महाग होतं म्हणून. दोन्हीकडे मान डोलवायला मी असतो.

आधी मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. पण विचार करा, अन्न म्हणून त्या सात कोर्सची किंमत कुठल्याच गणितात बसत नाही. कोपनहेगनचं नोमा हे हॉटेल जगातल्या पहिल्या नंबरचं म्हणून गाजलेलं; त्याच्या शेफनेच २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलं, की अशा जेवणाचं हे गणित टिकणारं नाही. दादासाहेबांना ही बातमी वाचून दाखवली तर म्हणाले, "एका दाण्यासाठी चिमटा धरून माणूस उभा केला की दुसरं काय होणार? मला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं." म्हणजे तोट्याचा सौदा आहे हे त्यांना पक्कं कळतं. ते अन्नाचे पैसे देतच नाहीत. वर्षभर पुरेल एवढ्या बोलण्याचे देतात, आणि पेन्शनवर जगणाऱ्या, मुलगा दूर असलेल्या माणसाला त्या भावात एवढे श्रोते दुसरीकडे मिळत नाहीत. थिएटरचं तिकीट काढलं तर दुसऱ्याचं ऐकावं लागतं.

अडचण फक्त घरात येते, कारण वहिनी साक्षीदारही आहेत आणि श्रोत्याही. मध्यंतरी दादासाहेबांनी त्यांना इंदिराराजेंची गोष्ट सांगितली. सयाजीरावांची ही लेक, ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून कूचबिहारच्या राजपुत्राशी संसार थाटणारी. खाण्याची एवढी दर्दी, की लाझान्या कसा लागायला हवा हे कळावं म्हणून आपल्या आचाऱ्याला थेट रोमला घेऊन गेली. त्यांची मुलगी गायत्रीदेवी यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. "याला म्हणतात पैशाचं सोनं करणं," दादासाहेब म्हणाले. "चव घरी आली. आता तो ताकाचा फेस तू खाल्लास, तुला जमायला काय हरकत आहे?"

"इंदिराराजेंच्या आचाऱ्याला पगार होता," वहिनी म्हणाल्या आणि कुकरची शिटी मोजायला आत गेल्या.

पण परवा रात्री त्यांनी खरंच केलं. ताक रवीने घुसळून फेस वर काढला आणि सुरळीच्या वड्यांवर सोडला. एकेका पानात आठ-आठ वड्या, मोहरीची मोजदाद नाही. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. दादासाहेब गप्प बसून जेवले, दोनदा मागून घेतलं, मग म्हणाले, "चव तीच आहे. पण काहीतरी कमी आहे."

"जीएसटी," वहिनी म्हणाल्या.

सकाळी कमाटीबागेत दादासाहेब नव्या श्रोत्याला सांगत होते, की त्या मेन्यूत आठ कोर्स होते, आणि आठवा सगळ्यांत झकास. मी हिशेब केला. सात धरले तर कोर्स साडेसातशेच्या वर पडत होता, आठ धरले की साडेसहाशेच्या आसपास येतो. दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो, "मी होतो ना."