गिनीजवाले साहेब

‘आपल्याकडचे लोकंच आळशी हायेत भाऊ,’ हे निदान वऱ्हाडात कोणत्याही टपरीवर चहाच्या आधी मिळते. त्यात एक अडचण अमरावती-अकोला रस्त्याने करून ठेवली आहे. या रस्त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले, ठेकेदार बदलले, खड्डे तेवढे कायमस्वरूपी सेवेत राहिले. मग 3 जून 2022 रोजी लोणी ते माना या टप्प्यात 720 माणसे कामाला लागली आणि 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा एक पदर अखंड डांबरी झाला. कतारचा 25 किलोमीटरचा विक्रम मोडला, गिनीजमध्ये नोंद झाली. एका आठवड्यात वऱ्हाडच्या हवेतला आळस उडून गेला, असे काही हवामान खात्याने कळवलेले नाही. पेव्हरला माल कमी पडू दिला नाही, पाळी बदलली तरी काम थांबले नाही आणि कोणीतरी घड्याळ लावून बसले होते, इतकेच.

विक्रम हा तमाशा, रोज कोण असे राबेल, असे कोणी म्हणेल. कबूल. पण साहेब जे मोजतो तेच होते, हे त्या तमाशातही दिसलेच. कचेरीत मोजतात ती हजेरी. 2020 मध्ये पाच दिवसांचा आठवडा करताना सरकारने वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी मिनिटावर ठरवली. मधल्या साडेआठ तासांत काय उरकायचे, ते बाबूंच्या प्रतिभेवर सोडले. म्हणून अंगठा वेळेवर पोचतो, बाकीचा माणूस सवडीने.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: शेंडगावच्या गाडगेबाबांवर कोणता साहेब होता? कोणताच नाही, त्यांचा खराटा आतून चालायचा. पण असा माणूस आकृतिबंधात मंजूर करून घेता येत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. बाबांच्या नावाने 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान काढले, तेव्हा त्याला तपासणी समिती, गुण आणि बक्षिसे जोडावीच लागली. आणि आतून चालणारे थोडेफार असतात, त्यांचे आपण काय करतो? जो फाइल उरकतो, त्याच्याच टेबलावर शेजारच्याचा गठ्ठा येतो. पगार दोघांचा एकाच तारखेला. दोन-तीन वर्षांत तोही शहाणा होतो. तेव्हा सातबाऱ्याच्या खिडकीवर चार दिवस गिनीजवाले बसवावेत, असा प्रस्ताव ठेवावा म्हणतो. तो कोणत्या टेबलावरून पुढे सरकेल, तेवढे कोणी सांगावे.