मु. पो. तालुका कुर्ला: उत्पन्नाच्या दाखल्यास अनावृत पत्र

श्रीमंत उत्पन्नाचा दाखला यांचे सेवेसी,
मु. तहसील कार्यालय, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर.



पत्रास कारण की, आपण तालुक्यात राहतो हे आम्हाला आपल्याच कृपेने कळलं. मुलुंडच्या माणसाला एरवी कुठे राहता म्हणून विचारा, तो ‘वेस्टला, स्टेशनपासून पाच मिनिटं’ एवढंच सांगेल. पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला की मग शोध लागतो, की मुलुंड काय नि घाटकोपर काय, सगळी कुर्ला तालुक्याची रयत. अंधेरी आणि बोरिवली धरून उपनगर जिल्ह्यात असे तीन तालुके. तहसीलदार आहेत, तलाठी आहेत. शेत तेवढं शोधावं लागतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या आणि मागच्या चाळीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म मी भरून देते. मोबदला म्हणून चहा. त्यामुळे आपला माझा परिचय जुना. आपल्याशिवाय पान हलत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आपण ८ लाखांच्या आत लागता. अनुसूचित जातीच्या मुलाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी, तर अडीच लाखांच्या आत. घरून ये-जा करणाऱ्या त्या मुलाला व्यावसायिक पदवीसाठी निर्वाह भत्ता मिळतो वर्षाला ७,००० रुपये, म्हणजे महिन्याला सहाशेच्याही आत. एवढ्यात निर्वाह कसा करायचा, हा प्रश्न बहुधा अभ्यासक्रमातच धरलेला असावा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा समाजाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगला आहे. या वाक्यात उपरोध नाही, नाहीतर सवयीने शोधाल.

पण ते ८ लाख! २०१७ साली केंद्राने ओबीसींच्या क्रीमी लेअरची मर्यादा ६ वरून ८ लाखांवर नेली, आणि तेव्हापासून हा आकडा जिथे तिथे ठाण मांडून बसलाय. गडचिरोलीतही ८ लाख, घाटकोपरमध्येही ८ लाख. नवरा खासगी ऑफिसात ३४ हजारांवर, बायको शाळेत ३३ हजारांवर, तर वर्षाचे झाले ८ लाख ४ हजार. चार हजारांनी श्रीमंत! घरभाडं, कर्जाचा हप्ता, सासूबाईंचं डायलिसिस हे काही आपल्या कागदावर उतरत नाही. आपल्याला येणाऱ्याशी मतलब, जाणाऱ्याशी नाही.

हे झालं पगारदारांचं. चाळीतले रिक्षावाले भाऊ माझ्याकडे आले ते वैतागूनच. त्यांना कुणीतरी पगारपत्रक आणायला सांगितलं होतं. “वहिनी, मला पगार देतो कोण? पॅसेंजर?” मग स्वयंघोषणापत्र, रेशन कार्ड, लाइट बिल, आणि रांगेत घालवलेले दिवस. त्या दिवसांत रिक्षा बंद, म्हणजे कमाई बंद. गरिबी सिद्ध करण्याच्या खर्चाने माणूस आणखी थोडा गरीब होतो आणि अधिक पात्र ठरतो, ही आपली योजकता दाद देण्याजोगी आहे.

आपण हातात आलात की शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या महाडीबीटी पोर्टलची पायरी. तिथे प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवायचा. मोबाइलवर काढलेला आपला फोटो भरतो तीन एमबी. स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला आपल्याला दाबून दाबून असं बारीक करतो की सही आणि शिक्का दोन्ही एकच निळा डाग होतात. मग अर्ज ‘दाखला अस्पष्ट’ म्हणून परत. आणि ओटीपी? या रिक्षावाल्या भाऊंच्या मुलीचं आधार वडिलांच्या मोबाइलला जोडलेलं, वडील साकीनाक्याच्या सिग्नलला. माझ्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडा ठेवून पोरगी फोनवर ओरडतेय, “पप्पा, सहा आकडे आलेत का बघा!” पलीकडून आवाज, “गाडीत पॅसेंजर आहे, थांब जरा.” ते जरा थांबले, ओटीपी थांबला नाही.

पुढे कॉलेजचा कारकून, मग प्राचार्य, मग सरकारी खातं. सगळ्यांनी अर्ज पुढे ढकलला, की मुलीनेच पुन्हा लॉगिन करून ‘रिडीम’चं बटण दाबायचं. ते राहिलं तर मंजूर रक्कम नुसती पडून. तोवर कॉलेजच्या काउंटरवर ऐकायला मिळतं, “आधी भरा, आले की परत घ्या.” ज्याच्याकडे आधी भरायला असतं तो आपल्या दारी कशाला येईल?

शिवाय माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, लॅपटॉप, रेल्वेचा पास, ड्रॉइंगचं सामान हे ज्याचं त्याने बघायचं. म्हणून ही मुलगी मला म्हणाली, “काकू, कॉलेजातच काही काम मिळालं तर? लायब्ररीत पुस्तकं लावीन, कँटीनमध्येही चालेल.” तिचं काय चुकलं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती कमवत शिकण्याच्या याच जोरावर. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९४७ मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं आणि ‘कमवा आणि शिका’ योजना कॉलेजात आली. पुणे विद्यापीठाची योजना आजही कर्मवीरांच्या नावाने चालते. या मुलीच्या कॉलेजात पुस्तकं लावायला कंत्राटदाराची माणसं आहेत. कर्मवीरांचा फोटो आहे, जयंतीला हारही असतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या हळहळल्या. “शिकायच्या वयात कपबशा विसळायच्या? शोभतं का?” याच काकूंचा पुतण्या अमेरिकेत विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये ट्रे धुतो, व्हिसाच्या नियमाप्रमाणे आठवड्याला वीस तासांपर्यंत. त्याचं वर्णन मात्र ‘ऑन-कॅम्पस जॉब’, आणि सूर असा की पोराला कलेक्टरी मिळाली. तिकडे सरकारने १९६४ सालीच कायदा करून गरजू विद्यार्थ्याच्या मदतीत कॅम्पसवरचं काम धरलं. मदत आणि काम एकाच खिडकीवर. इकडे मदतीची खिडकी आपली, आणि कामाची?

ती तिने शोधलीय. घाटकोपरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात, शनिवार-रविवार दिवसभर आणि मधल्या दोन संध्याकाळी. उभं राहून पाय सुजतात, पण पैसे महिन्याच्या महिन्याला येतात. कुणी दाखला मागत नाही.

आता मुद्द्याच्या दोनच गोष्टी. आपलं आयुष्य ३१ मार्चपर्यंत, त्यामुळे पुढच्या वर्षी भेट आहेच. तेव्हा मॉलमधला तिचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात धरायचा का, ते कळवावं. धरायचा असेल तर कमवत शिकणाऱ्या मुलीने किती कमवावं म्हणजे तिची मदत जाणार नाही, तो आकडाही सोबत द्यावा.

दुसरं, वडिलांची दगदग नको म्हणून तिने आता स्वतःचा नंबर आधारला जोडलाय. पण दुकानात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तेव्हा ओटीपी रात्री साडेनऊनंतर पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपली,
फॉर्म भरून देणाऱ्या काकू