२१२ गाड्यांचा मालक

त्याच्या मालकीच्या २१२ गाड्या आहेत. घरापुढे मात्र एक सायकल उभी असते, आणि तीही धाकट्या भावाची. गाड्या आहेत त्या लॅपटॉपमध्ये. 'बघायच्या', 'बघून झालेल्या', 'फायनल' आणि 'फायनल खरी' अशा चार फोल्डरांत त्या दाटीवाटीनं लावल्या आहेत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात त्याला सगळे 'गाडीवाला' म्हणतात. त्यामुळे खऱ्या गाडीवाल्याची, म्हणजे त्याच्या काकाची, अधूनमधून पंचाईत होते. काका मोलगी ते अक्कलकुवा क्रुझर चालवतो. देवगोई घाटाची वळणं त्याला तोंडपाठ आहेत, पण चौकात कुणी "ए गाडीवाला!" अशी हाक मारली की ओ देतो पुतण्या.

छंद तसा निरुपद्रवी. मोटारीचं कुणीतरी केलेलं तयार त्रिमितीय मॉडेल उतरवून घ्यायचं, संगणकातल्या रस्त्यावर उभं करायचं, त्यावर ऊन-सावली पाडायची आणि फोटो वाटावा असं चित्र काढून घ्यायचं. याला म्हणायचं रेंडर. असं करणाऱ्यांची जमात पुण्यात आहे, नाशकात आहे, परदेशात तर ढिगानं आहे. खूण एकच. रेंडर करण्यात तास जातात, मॉडेल निवडण्यात महिने. काठीच्या गाडीवाल्याची दोन वर्षांत चार चित्रं पुरी झाली. त्यातल्या एकात नुसताच घाट आहे. गाडी अजून निवडून व्हायची होती.

तो वापरतो ते ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यामागची गोष्ट तो कुणालाही सांगतो, न विचारता. नेदरलँड्सच्या टॉन रोसेंडालनं ते रचलं. पुढे कंपनी बंद पडली आणि सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकलं. मग २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांकडून १ लाख युरो गोळा केले, तेही सात आठवड्यांत, आणि ऑक्टोबरात ते सगळ्यांसाठी मोकळं झालं. "म्हणजे वर्गणी काढली," काका म्हणाला. वर्गणी एवढी एकच गोष्ट त्याला त्यातली पटली. एवढ्या लवकर जमली, ही पटली नाही.

गावात मोबाइलला रेंज लाजतलाजत येते. दीड-दोन जीबीची मोटार ओढायची तर गाडीवाला काकाच्याच क्रुझरमध्ये बसून अक्कलकुव्याला जातो. एका बाजूला आमचूर विकायला निघालेली मावशी, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेली कोंबडी, आणि मधे हा, इटालियन स्पोर्ट्स कार आणायला. परतीला काका भाडं घेतो. पुतण्या म्हणून सूट नाही.

मॉडेल पारखण्याची रीत बघायची तर सारंगखेड्याची यात्रा आठवावी. दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजार भरतो. तिथं जाणता माणूस घोड्याचा ओठ वर करून दात बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो, चार पावलं चालवून घेतो आणि मगच किमतीचं बोलतो. पुरवणाऱ्यानं लावलेल्या फोटोवर गाडीवालाही असाच भाळत नाही. तो आधी रंग उतरवतो. रंगाखालचं तारांचं जाळं, वायरफ्रेम, हे घोड्याचे दात. चौकोन ओळीत, बॉनेटच्या वळणाबरोबर वाहत गेलेले असले तर जनावर चांगलं. त्रिकोणांचा चिवडा झालेला असेल तर ते कारखान्याच्या आराखड्यातून घाईनं काढलेलं, उजेड पडला की दारावर सुरकुत्या दाखवणार. मग चाक फिरवून बघायचं. चारही चाकं गाडीच्या अंगाला एकसंध चिकटलेली असतील तर वळणावरचं चित्र विसरा. दार उघडतं का, आत सीट आहेत की काळी काच लावून रिकामं डबडं झाकलंय? पॉलिगॉन, म्हणजे जाळ्यातले हे चौकोन-त्रिकोण, किती? वीस लाख असतील तर मॉडेल उत्तम आहे, आणि ते उघडेपर्यंत लॅपटॉपवर भाकरी भाजून होते.

एवढं सगळं बघून घेतलेली गाडीही घरात आल्यावर रंग दाखवतेच. हे शब्दशः घ्यावं. टेक्स्चरच्या, म्हणजे गाडीवर चढवायच्या रंग-पोताच्या, फाइली सोबत आल्या नसतील तर ब्लेंडर ती जागा भडक गुलाबी करून दाखवतं. एकदा एका दणकट जर्मन मोटारीच्या जागी नवरदेवाच्या बँडची गाडी उभी राहिली. दुसऱ्या एकीचं माप मीटरचं की इंचाचं याचा घोळ झाला. गाडी आली, पण दिसेना. शेवटी ती टायरच्या खाचेत सापडली, म्हणजे हाच खाचेत होता, आणि गाडी सातपुड्याएवढी.

सगळ्यात छळते ती डावी-उजवी. बहुतेक मॉडेलांचं स्टिअरिंग डावीकडे. गाडीवाल्यानं सोपा उपाय केला, अख्खी गाडीच आरशात धरल्यासारखी उलटवली. स्टिअरिंग उजवीकडे आलं, नंबरप्लेट मात्र उलटी झाली, मागचं कंपनीचं नावसुद्धा उलटं झालं. ही चूक समव्यवसायी सोडून कुणाच्याही ध्यानात आली नसती. पण समव्यवसायी असतात कशाला?

फुकट मॉडेलाचं आणखी एक पथ्य असतं, आणि त्यात हा गडी चोख आहे. अमुक मॉडेल वापरा पण करणाऱ्याचं नाव द्या, अशी परवान्याची अट असली की तो चित्राखाली नाव देतोच. एखाद्या व्हिडिओ गेममधून उचलून आणलेली गाडी कुणी आपली म्हणून वाटत असेल, तर ती घेत नाही. चोरीची गाडी घाटात चालवू नये, असं त्याचं मत आहे.

खरी अडचण वेगळीच निघाली. त्याला हवी होती इथली गाडी. काठीच्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. होळीच्या रात्री चहूकडून माणसं लोटतात. घुंगरू, भोपळे, मोरपिसांचे टोप लेवून नाचणारे बावा बुध्या येतात, आणि पहाटे होळी पेटते. त्या पहाटेच्या उजेडात रस्त्याकडेला लागलेल्या जीपांची रांग, हे त्याच्या डोक्यातलं चित्र. मॉडेल शोधायला बसला. 'क्रुझर' टाकलं तर युद्धनौका आल्या. 'कमांडर' टाकलं तर बंदूकवाले सैनिक. 'सुमो' टाकलं तर लंगोट लावलेले जपानी पैलवान. टाटांनी १९९४ साली त्या गाडीचं नाव आपल्या कंपनीच्या सुमंत मूळगावकरांच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलं, हे यंत्राला कोण सांगणार? 'मॅक्स'वर तर कहर झाला. त्याच नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर असल्यामुळे जगातली निम्मी मॉडेलं पुढ्यात येऊन पडली, त्यांत टेबल-खुर्च्यांपासून डायनोसॉरपर्यंत सगळं. एक महिंद्राची मॅक्स तेवढी नव्हती.

नाइलाजानं त्यानं एक परदेशी जीप घेऊन घाटात उभी केली. उजेडासाठी फुकटातलं दक्षिण आफ्रिकेचं आकाश लावलं, तेही बॉनेटवर झळकलं. रात्रभर रेंडर चालला. दोनदा लाइट गेली. सकाळी काकाला दाखवलं.

काकानं चित्र बराच वेळ बघितलं. "कॅरियर कुठंय?"

"त्या मॉडेलला नसतं."

"मग पोती कुठं टाकणार? मागं लटकायला पायरी नाही. काचेवर याहामोगी मातेचं नाव नाही. आत एकच माणूस. एवढ्यावर डिझेल तरी सुटतं का?" आणि थोडं थांबून, "धूळ कुठंय रे?"

धुळीचं मटेरियल वेगळं विकत मिळतं, हे सांगायचं धाडस पुतण्याला झालं नाही.

मार्ग सापडला तो जुन्या गोष्टीत. १९७२ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आयव्हन सदरलंड या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांना मोटार संगणकात न्यायची होती. तयार मॉडेल कुठलं, विकणाराच जन्माला यायचा होता. त्यांनी प्राध्यापकांच्या बायकोची फोक्सवॅगन बीटल गाठली, तिच्या अंगावर रेघा-ठिपके रंगवले आणि मोजपट्ट्या लावून एकेक ठिपका कागदावर उतरवला. मार्शा सदरलंडची ती बीटल संगणकचित्रांच्या इतिहासात जाऊन बसली. गाडीवाल्यानं मनात हिशेब केला. बायको नाही, पण काका आहे.

होळीला आठवडा होता. गावात होळीच्या दांड्याची बोलणी चालली होती. साठ-सत्तर फुटांचा सरळसोट बांबू जंगलातून निवडून आणायचा असतो. निवडणारे म्हातारे वायरफ्रेम मागत नाहीत. खालून वर एकदा नजर टाकतात आणि म्हणतात, हा. इकडे गाडीवाला शिंप्याची टेप आणि खडूचा तुकडा घेऊन क्रुझरभोवती बसला. काका जेवायला घरी गेला होता.

डाव्या बाजूवर सव्वादोनशे ठिपके झाले. तेवढ्यात एक आजी आली, टेकली आतल्या सीटवर. तिला बघून दोघं आली. उभ्या गाडीत तिघं बसलेली दिसली की घाटातला माणूस पुढचा विचार करत नाही. पंधरा मिनिटांत गाडी भरली, टपावर दोन पोती चढली, काका हात पुसत आला आणि गेला घेऊन. ठिपक्यांसकट क्रुझर अक्कलकुव्याला पोचली. वाटेत दोघांनी विचारलं, कुठल्या पक्षाची खूण?

पण गाडीवाला हरला नव्हता. मोटार दोन्हीकडे सारखी असते, म्हणून जाणकार अर्धीच घडवतात, उरलेली अर्धी ब्लेंडरचा मिरर आपोआप करतो. डावी बाजू होतीच. तीन आठवडे खपून त्यानं क्रुझर उभी केली, कॅरियरसकट, पायरीसकट. बिजागरी, गंज आणि म्हशीनं डाव्या दरवाजाला दिलेला पोचासुद्धा सोडला नाही. होळी कधीच होऊन गेली होती. चित्रात मात्र ती आत्ता पेटत होती, आणि क्रुझर तोंड इकडे करून उभी होती.

काकानं लॅपटॉप हातात घेतला. या वेळी कॅरियरबद्दल काही बोलला नाही. स्क्रीन एकदा डावीकडे कलवली, एकदा उजवीकडे. मग लॅपटॉप खाटेवर ठेवून तडक बाहेर गेला आणि गाडीच्या उजव्या दरवाजावरून हात फिरवत उभा राहिला.

"इकडचा कधी पडला रे?"