साडेचारशे लिटरचे काका

रविवारी सकाळी सातला सोसायटीच्या कुंड्यांना जरा उग्र वासाचं हिरवट पाणी मिळत असेल आणि त्यावर मोगरा वेड्यासारखा फुलत असेल, तर इमारतीत कासववाले काका राहतात असं खुशाल समजावं. ठाण्यापासून कोथरूडपर्यंत हे काका सगळीकडे आढळतात. वय पन्नाशीच्या पुढे, बर्म्युडा गुडघ्यापर्यंत ओली, खांद्यावर पंचा आणि हातात पारदर्शक नळी. कासव दिसायला घरात जावं लागतं, काका मात्र या नळीवरून जिन्यातच ओळखू येतात.

काका काही जन्मजात कासववाले नसतात. सुरुवात पोरांच्या हट्टापासून होते. पोरांना कुत्रा हवा असतो, पण त्याचे केस गळतात. मांजर सोफा ओरबाडतं. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा. मग तडजोड म्हणून डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, नाण्याहून जरासं मोठं हिरवं पिल्लू घरी येतं. सोबत प्लास्टिकचं पसरट भांडं आणि त्यात मधोमध प्लास्टिकचं माडाचं झाड. दुकानदार सांगतो, "साहेब, काही करावं लागत नाही. चार दाणे टाका, पाणी बदला. आणि हे एवढंच राहतं."

शेवटचं वाक्य सगळ्यात खोटं असतं. हे पिल्लू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. नर सात ते नऊ इंच वाढतो, मादी दहा ते बारा. 'एवढंच' राहणारी जात अजून देवानं काढलेली नाही.

पहिल्या वर्षी भांडं जातं आणि कपड्यांचा टब येतो. दुसऱ्या वर्षी टब जातो आणि माळ्यावरची दोन फुटी फिशटँक उतरते. तिसऱ्या वर्षी पोरांचा उत्साह संपतो आणि काकांचा सुरू होतो. रात्री सगळे झोपले की ते मोबाइलवर वाचत बसतात. जगभरचे कासववाले पाळतात तो हिशेब त्यांना तिथे सापडतो, तो म्हणजे पाठीच्या दर इंचाला दहा गॅलन पाणी, आपल्या मापात अडतीस लिटर. काका पट्टी घेऊन उठतात. पाठ भरते नऊ इंच, टाकीत पाणी पंचावन्न लिटर. त्या रात्री त्यांना झोप लागत नाही. आपण एका जिवाला एवढी वर्षं कोंडून ठेवलं, या विचारानं ते पहाटे काकूंना उठवतात आणि हॉलमधलं शोकेस काढायचं ठरल्याचं जाहीर करतात. त्या शोकेसमध्ये कन्याकुमारीचे शिंपले असतात, पोरांचे चित्रकलेचे कप असतात आणि काकूंच्या माहेरचा चांदीचा गडू असतो. हे सगळं एका खोक्यात जातं. खोकं कुठे जातं ते काकूंना अजून विचारू नये.

नवी टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची. काठोकाठ भरली तर साडेचारशे लिटर. एवढी मोठी काच जिन्यातून चढताना पाहिली की सेक्रेटरींनी वर येणं ओघानं आलंच.

"काका, स्लॅबचं काय?"

काका याच प्रश्नाची वाट पाहत असतात. "पाणी पाऊण टाकी, म्हणजे साडेतीनशे लिटर. साडेतीनशे लिटर म्हणजे साडेतीनशे किलो. बारा मिलिमीटरची काच नव्वद किलो. स्टँड आणि दगड धरून अर्धा टन. आयएस ८७५ या मानकात राहत्या खोलीला चौरस मीटरमागे दोन किलोन्यूटन धरतात, म्हणजे दोनशे किलो."

"म्हणजे जास्तच झालं की!"

"म्हणून तर भिंतीला लागून, बीमवर ठेवतोय. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. आणि गणपतीत माझ्या हॉलमध्ये तीस माणसं आरतीला उभी असतात. माणशी साठ धरा, अठराशे किलो होतात. तेव्हा तुम्हीच सगळ्यांच्या पुढे असता."

सेक्रेटरी पत्र घेऊन खाली जातात.

काचा चिकटवणारा कारागीर येऊन गेला की घरभर व्हिनेगरचा वास सुटतो. तो सिलिकॉनचा. टाकीखाली थर्माकोलची शीट येते, कारण फरशी जरा जरी उंचसखल असली तरी काचेला तडा जातो. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेते, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता जमिनीवर ठिबकतं. तळाला वाळू नाही की बारीक खडे नाहीत, कारण ते कासव गिळतं. त्याच्या डोक्याहून मोठे गोटे तेवढे चालतात. हे सगळं झालं, पाणी भरलं, फिल्टर घुमू लागला, की घरचे टाळ्या वाजवतात आणि काका सांगतात, "आता पाच-सहा आठवडे थांबायचं."

टाकी काचेची, पाणी स्वच्छ, आत कोणीच नाही. पाहुणे वाकून वाकून बघतात. "कासव लपलंय का?" कासव न्हाणीघरात टबात असतं. टाकीत काका जिवाणू वाढवत असतात. विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. नायट्रेट त्यातल्या त्यात निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढायचं आणि मोगऱ्याला घालायचं. हे सगळं काकूंना पटतं ते एकाच वाक्यानं. जुन्या फिल्टरमधला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालताना काका म्हणतात, "हे विरजण." त्यावर त्या म्हणतात, "मग हलवू नका, लागू द्या."

दिव्यांवरून मात्र घरात दर वर्षी एकदा वाजतं. कासवाला अंग सुकवायला कोरडी फळी लागते. फळीवर एक उष्णतेचा दिवा, तिथे बत्तीस ते पस्तीस अंश. शेजारी यूव्हीबीचा दिवा. त्याच्याशिवाय कासवाच्या अंगात ड-जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि पाठ मऊ पडते. "खिडकीत ठेवा ना, ऊन फुकट आहे," असं येणारा प्रत्येक जण सांगतो. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, येते ती उष्णता आणि शेवाळ, हे काकांनी आजवर निदान शंभर जणांना ऐकवलं आहे. हा दिवा उजेड देत राहतो, पण सहा महिन्यांपासून वर्षभरात त्यातले कामाचे किरण संपतात. म्हणून काका चांगला जळणारा दिवा काढून नवा लावतात. ज्या घरात ट्यूब पूर्ण काळी पडेपर्यंत बदलत नाहीत, त्या घरात हे दृश्य काकू कशा पाहत असतील याची कल्पना करावी. काढलेला दिवा त्यांनी देवघरात लावायला मागितला होता. तो वेगळाच वाद.

कासवाचं नाव पिंट्या. पिंट्या माणूस दिसला की काचेवर धडका मारत पोहतो आणि पाहुण्यांचा जीव कळवळतो. "उपाशी ठेवता का हो?" काका शांतपणे सांगतात की दाणे त्याच्या डोक्याएवढे, बाकी गाजर, लेट्यूस, लाल भोपळा. पालक कधीतरीच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. तरी एका मावशींनी एकटं कंटाळत असेल म्हणून गोल्डफिशची जोडी आणून सोडली. सोबत रात्रभर टिकली.

सहाव्या वर्षी पिंट्यानं अंडी घातली. पुढच्या पायांची नखं आखूड, शेपूट बारीक, अंग दहा इंच. लक्षणं सगळी समोर होती, पण नाव पिंट्या असल्यामुळे तिकडे कोणी पाहिलंच नाही. या मादीला नर नसला तरी अंडी होतात. ती फुटत नाहीत, पण घालायला ओलसर माती लागते, नाहीतर पोटात अडकतात. तेव्हा टाकीच्या डोक्यावर मातीची पेटी आली. नाव बदललं नाही. "पिंट्यानं काल पाच अंडी दिली," असं काका लिफ्टमध्ये सांगतात आणि नवे भाडेकरू दुसऱ्या मजल्यावरच उतरून जिन्यानं जातात.

असा माणूस बाहेर पडला तरी टाकीतच असतो. शाळेच्या सहलीत त्यांनी तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. तेव्हा आपण नुसते मासे पाहिले, पाइप पाहिलेच नाहीत, याची त्यांना आज खंत आहे. जेजुरीला भंडारा उधळला जात असताना काका देवळापुढचं ते भलंमोठं पितळी कासव पावलांनी मोजत होते. अडतीसनं गुणून त्यांनी काकूंना सांगितलं, "याला टाकी नाही, कऱ्हा नदीच लागेल." वेळासला कासव महोत्सवात ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे निघाली, माणसं गहिवरली. काकांनी स्वयंसेवकाला वाळूचं तापमान विचारलं. त्यावर नर की मादी हे ठरतं ना!

एका विषयावर मात्र हे बडबडे काका आवाज खाली आणतात. वाढलेली कासवं घेऊन लोक संध्याकाळी तळ्यावर जातात, पाण्यात सोडतात, हात जोडतात आणि पुण्य केल्यासारखे घरी येतात. हीच जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघानं तिची आयात १९९७ मध्येच थांबवली. अमेरिकेनं तर चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर १९७५ मध्ये बंदी घातली, साल्मोनेलाच्या जंतूंमुळे, कारण मुलं ती तोंडात घालत. सोडलेले स्लायडर गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही सापडले. आपली देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. पण तळ्यात उन्हाची जागा आणि खाणं बळकावणाऱ्या परक्याला कायदा वाचता येत नाही. "आमच्या आजोळी विहिरीत सोडायचे," असं कोणी म्हटलं की काका सांगतात, ते आपलं होतं आणि आता तेही आणायचं नाही.

नीट ठेवलं तर स्लायडर तीस वर्षं जगतो. पिंट्या अकरा वर्षांची आहे, काका साठीचे. पुढची वजाबाकी त्यांनी वहीत करून ठेवली आहे. वहीत फिल्टरच्या तारखा आहेत आणि शेवटच्या पानावर पुतण्याची सही.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ परवा विचारत होते, मुलीला कासव हवंय, कुठून घेतलंत. काका अशा वेळी भाषण देत नाहीत. "रविवारी सातला या, मुलीलाही आणा," म्हणतात. सातला मुलीच्या हातात बादली येते. पाऊण टाकीतलं चौथाई पाणी बाहेर, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा बादल्या. नळी तोंडानं ओढायची नाही, त्याला रबरी पंप आहे. काकांनी पहिल्यांदा तोंडानं ओढलं होतं, ती चव ते वर्णन करून सांगतात. मग फिल्टर उघडतो आणि वास हॉलमधून जिन्यापर्यंत जातो. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, नळाच्या क्लोरीननं विरजण मरतं. मग सहा बादल्या आत, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या. शेवटी सगळ्यांनी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. साडेआठला काकू पोहे देतात.

आतापर्यंत पाच कुटुंबं येऊन पोहे खाऊन गेली आहेत. इमारतीत आजही कासव एकच आहे.