चपला टायरच्या, शर्यत शंभर मैलांची

डोंगरात पळायला हल्ली काय काय लागतं ते पाहिलं, की डोंगरच त्यातल्या त्यात स्वस्त वाटतो. खाचांच्या तळव्यांचे बूट, नाडी मोजणारं घड्याळ, कार्बनच्या काठ्या, चोखायला जेलच्या पुड्या. आल्प्समध्ये माँ ब्लाँभोवतीच्या सुमारे 170 किलोमीटरच्या शर्यतीत नुसतं उभं राहायचं, तरी बहुतेकांना आधी त्याच मालिकेतल्या इतर शर्यती पैसे भरून पळाव्या लागतात आणि ‘रनिंग स्टोन’ जमवावे लागतात. मग सोडत! म्हाडाच्या घरासारखी.

आणि 1993 साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची डोंगरी शर्यत जिंकली कोणी? व्हिक्टोरियानो चुरो या मेक्सिकोतल्या रारामुरी जमातीच्या शेतकऱ्यानं. वय 55, पायात जुन्या टायरच्या चपला. शर्यतीची वाट 12,000 फुटांच्याही वर चढते. त्याच्या नाडीचे ठोके किती पडत होते, हे कुठल्या घड्याळानं विचारल्याचं ऐकिवात नाही.

यातून बाजारानं बोध घेतला, पण आपला. रारामुरींवरचं पुस्तक 2009 मध्ये गाजलं आणि ‘अनवाणी धावण्याचे’ बूट हातोहात खपू लागले. अनवाणी राहायचं, तेही पैसे मोजून! पावलं बळकट होतात, दुखापती टळतात, असे दावे पुराव्याविना केल्याबद्दल एका कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. कंपनीनं आरोप मान्य केले नाहीत. 2014 मध्ये तडजोड मात्र केली आणि ग्राहकांच्या परताव्यासाठी साडेसदतीस लाख डॉलर बाजूला काढले.